कॉन्फरन्स रूममधली ओल

जुलैमधल्या एका सोमवारी ऐरोलीच्या आमच्या ऑफिसातल्या कॉन्फरन्स रूममध्ये तिमाही हिशेबांची बैठक सुरू होण्याच्या बेतात होती. आमच्या विभागातला एक तरुण सहकारी लॅपटॉपची वायर जोडता जोडता थांबला, त्याने छताकडे पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. ओल आल्यासारखा वास येतोय." त्याने म्हटल्याबरोबर आणखी दोघांना तो वास आला. हाउसकीपिंगच्या माणसाला बोलावणे गेले. त्याने शिडी आणली, फॉल्स सीलिंगची एक चौकट सरकवली, एसीच्या पाइपवरून हात फिरवला, कोरडा तळवा आम्हा सर्वांना दाखवला आणि शिडी खांद्यावर टाकून तो निघून गेला. बैठक रीतसर पार पडली. माझे मात्र आकड्यांत मन लागत नव्हते, कारण तो वास छतातून नव्हे, माझ्या डाव्या मनगटावरून येत होता, आणि सकाळी घरातून निघताना मी तो चांगला विचार करून लावला होता.

त्या वेळी बोलायचे तरी काय होते? "ही ओल नाही, फ्रान्सचे अत्तर आहे" हे वाक्य कोणत्याही सुरात म्हणून पाहिले तरी ते हास्यास्पदच ठरले असते.

पदोन्नती झाल्यापासून संचालकांसमोर बसण्याचे प्रसंग वाढले होते आणि तेव्हापासून माझ्या ड्रेसिंग टेबलावर दोन छोट्या कुप्या उभ्या होत्या. एकीत एर्मेस या फ्रेंच कंपनीचे 'तेर द'एर्मेस', दुसरीत लालीक या दुसऱ्या फ्रेंच कंपनीचे 'आंक्र न्वार'; त्या सोमवारी मनगटावर होते ते हेच. ऑफिससाठी आणि औपचारिक प्रसंगांसाठी या दोहोंतले कोणते घ्यावे, हे मला ठरवायचे होते. मोठी बाटली घेण्याआधी पाच-दहा मिलिलिटरची डीकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून भरलेली छोटी कुपी, मागवून अंगावर वापरून पाहायची, ही पद्धत मला माझ्या भाच्याने शिकवली. तोवर मी फुलांच्या वासांवर आयुष्य काढले होते आणि त्यांच्याशी माझे आजही वैर नाही. पण बाटलीतला मोगरा एसीच्या हवेत अकराच्या सुमारास गोडसर होऊ लागतो, आणि एक वाजता पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हमधून डबे निघायला लागले की त्या गोडव्याचे काय होते ते ज्याने सोसले आहे त्यालाच कळेल. गंभीर प्रसंगी आपल्या अंगाला काही कोरडे, उभे आणि शांत असावे असे मला वाटू लागले होते. अत्तरांच्या दुनियेत ज्याला 'वुडी' म्हणतात, म्हणजे लाकडाचा, सालीचा, मुळांचा वास, तो मला त्यासाठी हवा होता.

वाशीच्या मॉलमधल्या दुकानात मी पहिल्यांदा हे वास मागितले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने अत्यंत अदबीने विचारले, "सरांसाठी बघताय का मॅडम?" मी "माझ्यासाठी" म्हटल्यावर त्याने मान हलवली, कागदाच्या दोन पट्ट्यांवर दोन्ही फवारे मारून दिले आणि लगोलग तिसरी पट्टी पुढे केली. तिच्यावर गुलाब होता. "हा पण बघा, लेडीजमध्ये हाच जास्त जातो." त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही बाटल्या विकल्याच जातात पुरुषांसाठी म्हणून. तरीही घरी येईपर्यंत पर्समध्ये तीन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांतला गुलाब सर्वांत आधी उडून गेला होता, याचे मला उगाचच समाधान वाटले.

दोन्ही अत्तरे 2006 सालची. तेर द'एर्मेस हे जाँ-क्लोद एलेना यांनी केले, आंक्र न्वार नताली लॉर्सन यांनी. दोन्हींत वाळा आहे, आणि एवढे साम्य सांगून झाले की ती एकमेकांपासून जितकी दूर जाता येईल तितकी दूर जातात. तेरच्या पहिल्या फवाऱ्यात संत्र्याची साल सोलताना नखाखालून उडणारा बारीक, डोळ्यांत जाणारा तुषार आहे, त्यामागोमाग मिरी येते, आणि मग दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्यानंतर हवेत राहतो तो करपलेला, दगडी कोरडेपणा. संत्रे तासाभरात विरळ होते. त्यानंतर रंधा मारलेल्या देवदारवर्गी लाकडाचा वास दिवसभर सोबत राहतो आणि वाळा अगदी तळाशी, लक्ष दिले तरच सापडतो. आंक्र न्वारमध्ये अशी प्रस्तावना नाही. काळ्या चौकोनी दौतीच्या आकाराच्या त्या बाटलीतून थेट वाळाच बाहेर येतो, आणि तोही माठातल्या पाण्याचा वाळा नव्हे. जमिनीतून उपटल्यावर मुळांना माती लटकलेली असावी, कुठे थोडा धूर असावा, कुठे अंधार असावा, असा तो वास आहे. त्याच्या बाजूला सायप्रस आहे. युरोपात हे झाड दफनभूमीत लावतात, त्यामुळे तिकडच्या माणसाला या बाटलीत जो उदास गंभीरपणा जाणवत असेल तो मला जाणवत नाही. माझ्या लेखी सायप्रस म्हणजे निव्वळ काळपट हिरवेपणा. पण दुपारी तीन-चारनंतर याच वासाचा राग उतरतो, त्यातली कस्तुरी वर येते, आणि तो इतका मऊ, इतका धुतलेल्या सुती कपड्याजवळचा होतो की मनगट पुन्हा पुन्हा नाकाशी न्यावेसे वाटते.

मी हे जितक्या वेळा केले तितक्या वेळा मला सासूबाईंचे कपाट आठवले. नौपाड्यातल्या जुन्या घरात शिसवी कपाटाच्या खालच्या फळीवर त्यांची नारायणपेठी आणि इरकली लुगडी असत, आणि प्रत्येक चवडीत मधोमध वाळ्याची एक जुडी, मलमलीच्या फडक्यात सैल बांधलेली. कसर लागू नये हा त्यामागचा व्यवहार होता, पण कपाट उघडल्यावर जे बाहेर येई ते केवळ व्यवहार नव्हते. मे महिन्यात त्या जुड्या बाहेर काढीत, पाण्याचा हबका मारून सुपात पसरीत, आणि संध्याकाळपर्यंत त्या खोलीत जणू दुसराच ऋतू असे. घालायचे लुगडे त्या आदल्या रात्री बाहेर काढून दांडीवर टाकीत, कारण थेट कपाटातून अंगावर घेतले तर वास 'अंगावर येतो', असे त्यांचे मत होते. वाळा हा घरातल्या बायकांच्या कपड्यांचा वास आहे हे मला कोणी कधी सांगितले नव्हते, सांगायची गरजही पडली नव्हती. आणि म्हणूनच काळ्या दौतीवरची 'पुरुषांसाठी' ही सूचना मला मुळापासूनच परकी वाटत राहिली.

वाळ्याचे हे मूळ जमिनीत आडवे पसरत नाही, सरळ खाली जाते, तीन मीटरच्याही पुढे. म्हणून उतारावरची माती धरून ठेवण्यासाठी हे गवत लावतात. आजच्या अत्तर उद्योगाला लागणाऱ्या वाळ्याच्या तेलाचा मोठा भाग हैतीतून येतो. आपल्याकडे कनौजला अजूनही तांब्याच्या देगेत मुळे आणि पाणी घालून, झाकण मातीने लिंपून, वाफ बांबूच्या नळीने भपक्यात, म्हणजे ती निववून गोळा करायच्या भांड्यात, उतरवतात, आणि तांब्यामुळे त्या तेलाला हिरवट झाक येते. माझ्या भाच्याने तिथल्या रूह-खसचा, म्हणजे वाळ्याच्या त्या शुद्ध तेलाचा, एक थेंब मला एकदा लावून दिला होता. तो थेंब दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतरही गेला नाही. वाळ्यातले रेणू जड असतात, संत्र्याच्या सालीतल्यासारखे भुर्रकन उडत नाहीत. पण ते एवढे चिवट असतील याची कल्पना मला त्या थेंबाने दिली.

तेरच्या लाकडाची कथा वेगळीच आहे आणि ती वाचल्यापासून मी ठाणे-बेलापूर रस्त्याकडे निराळ्या नजरेने पाहते. त्या बाटलीत जे कोरडे, रेशमी लाकूड जाणवते त्याचा बराचसा भाग कोणत्याही झाडाच्या खोडातून आलेला नाही. तो आयसो ई सुपर नावाचा पदार्थ आहे. आयएफएफ या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत 1970 च्या दशकाच्या आरंभी तो सापडला आणि एलेना यांनी तो तेरमध्ये सढळ हाताने वापरला. तो टर्पेंटाइनपासून मिळणाऱ्या एका घटकापासून बनवता येतो, म्हणजे मूळ पाहिले तर पाइनचेच. आता याच जातीचा पदार्थ 'अँबर फ्लूर' या नावाने बनवणारी प्रिवी ही कंपनी आमच्याच पट्ट्यातली. तिचे कार्यालय कोपरखैरण्याला टीटीसी औद्योगिक वसाहतीत आणि मुख्य कारखाने महाडला आहेत. कागद गिरण्यांत पाइनचा लगदा करताना जे टर्पेंटाइन सुटते ते हे लोक शुद्ध करून त्यापासून सुगंधी रसायने बनवतात आणि जगभर पाठवतात. ठाण्याच्या अलीकडे मुलुंडला तर एस. एच. केळकर ही सुगंधी द्रव्ये बनवणारी 1922 सालची कंपनी; लहानपणी एलबीएस रस्त्यावरून बस जाऊ लागली की आई खिडकीतून येणारा वास ओळखून म्हणायची, "केळकरांचं आलं." सुगंध हा लांबून, समुद्रापलीकडून येतो असे मानण्याची आपल्याला सवय आहे, आणि तो बनतो मात्र आपल्या लोकलच्या रुळांच्या कडेला. रबाळे-घणसोलीच्या बाजूला रात्री कधी कधी जो रासायनिक उग्र दर्प सुटतो त्याबद्दल आम्ही सगळे तक्रार करतो, ती तक्रार रास्तही आहे. पण चांगला वास आणि वाईट वास एकाच प्रकारच्या नळकांड्यांतून निघतात हे एकदा कळले की नाक थोडे नम्र होते.

आयसो ई सुपरचा आणखी एक गुण, किंवा अवगुण, म्हणजे तो सर्वांना सारखा येत नाही. काहींना जवळजवळ येतच नाही, काहींना तो येतो, जातो, पुन्हा येतो. माझ्या नवऱ्याला संत्रे विरल्यानंतर तेरमधले काहीही जाणवत नाही आणि मला तो त्याच्या शर्टावर रात्रीपर्यंत येतो.

आता पुन्हा त्या शिडीकडे. मला त्या दिवशी नेमके काय टोचले याचा मी नंतर बराच विचार केला. आपल्या आवडत्या अत्तराला कोणी ओल म्हटले, एवढ्याने वाईट वाटण्याचे माझे वय नाही. शिवाय तो मुलगा चुकीचे काहीच बोलला नव्हता. पावसाळ्यात नवी मुंबईत मातकट, दमट वास आला की माणसाच्या मनात पहिला पाऊस वगैरे येत नाही. गच्चीचे वॉटरप्रूफिंग येते, सोसायटीच्या सभेतला वाद येतो, भिंतीवरचा फुगलेला पापुद्रा येतो. कवितेतला मृद्गंध आणि दुसऱ्या मजल्यावरची गळती यांत नाकाला फरक करता येत नाही, तो आपण प्रसंगावरून करतो. टोचले ते दुसरेच. समजा, त्याला कळले असते की हा वास माझा आहे, तर तो काय बोलला असता? काहीही नाही. मी त्याच्या वार्षिक मूल्यमापनावर सही करते. छतावर शंका घेणे त्याला शक्य होते, माझ्यावर घेणे शक्य नव्हते.

मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका वरिष्ठांच्या ऊदाच्या घमघमाटात अनेक बैठका काढल्या आहेत. खिडक्या न उघडणाऱ्या खोलीत तो वास फायलींना लागायचा, डोके ठणकायचे, आणि आम्ही सगळे माना डोलवत बसायचो. कॉन्फरन्स रूममधली हवा एसी फिरवून फिरवून पुन्हा आपल्यालाच देतो. तिथे बसलेल्यांना उठून जाण्याची मुभा नसते, आणि ज्याचा हुद्दा मोठा त्याच्या अंगाचा वास खोलीतल्या सर्वांनी निमूटपणे घ्यायचा असतो. लोकलमध्ये निदान समता असते. सकाळच्या ठाणे-वाशी गाडीच्या बायकांच्या डब्यात गजरा, बाम, टाल्कम पावडर, कोणाच्या तरी डब्यातली सुकी भाजी, ओल्या केसांचे तेल, सगळे एकमेकांवर बिनदिक्कत चालून जाते, आणि "काय गं एवढं मारलंयस" हे तोंडावर सांगणारी एखादी तरी असतेच. ऐरोलीला उतरून गळ्यात ओळखपत्र अडकवले की ती सोय संपते.

या निकषावर तेरचे पारडे जड झाले, आणि तो फार थोर आहे म्हणून नव्हे. खरे सांगायचे तर तो थोडा जास्तच सर्वमान्य आहे. विमानतळावर, हॉटेलच्या लॉबीत, बँकेच्या विभागीय कार्यालयात, कोठेही तो भेटतो आणि त्यामुळे त्याच्याबद्दल कुतूहल उरत नाही. पण ऑफिसात कुतूहल हवे आहे कोणाला? त्यातले संत्रे आणि मिरी पहिल्याच क्षणी सांगून टाकतात की हा अत्तराचा वास आहे आणि तो अमक्या माणसाकडून येतो आहे. लिफ्टमध्ये शेजारच्या कंपनीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, छान फ्रेश वास आहे," आणि विषय तिथेच संपला. छत उघडावे लागले नाही. शर्टाच्या आत, छातीवर एक फवारा आणि मानेमागे एक, एवढाच. मनगटावर नाही, कारण मनगट टेबलावर येते आणि कागद पुढे करताना समोरच्याच्या नाकाशी जाते. घरून निघण्याआधी निदान अर्धा तास तो लावायचा, म्हणजे पहिला भडका घरातच शमतो. जून ते सप्टेंबर दमट हवेत वास अंगाजवळ दाटून राहतो, तेव्हा एकच फवारा पुरतो. किमतीच्या बाबतीत मात्र तेर महाग आहे; एका बाटलीच्या पैशांत आंक्र न्वारच्या सहज दोन याव्यात, सवलतीच्या दिवसांत तीन.

येथे मला आणखी एक गोष्ट उमगली, ती म्हणजे 'ऑफिस आणि फॉर्मल' असे जे एका दमात म्हटले जाते ते एक नाही. ऑफिस म्हणजे बंद खोलीतले आठ-नऊ तास आणि तीच ती माणसे. औपचारिक प्रसंग म्हणजे लग्नाचा हॉल, सत्कार, वार्षिक स्नेहसंमेलन, संध्याकाळची दोन-तीन तासांची भेट, उघडी दारे, येणारी-जाणारी गर्दी. तिथे कोणावर कोणाची सही नसते आणि ज्याला वास आवडला नाही तो सरळ आइसक्रीमच्या काउंटरकडे निघून जातो. तिथे थोडे गूढ चालते. शिवाय माझ्यापुरता औपचारिक वेश म्हणजे साडी, आणि साडीला वाळ्याशी काही समजावून सांगावे लागत नाही. रेशमावर मात्र फवारा कधीही मारू नये, डाग पडतो आणि तो पदरावर नेमका दर्शनी बाजूला पडतो; मानेवर, केसांच्या मुळाशी, कोपराच्या खाचेत लावावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच पैठणी हातात घ्यावी. सुती साडी असेल तर आतल्या निरीवर एक हलका फवारा चालतो. सुतात हा वास इतका टिकतो की पुढच्या धुण्यापर्यंत कपाटाला पुरतो.

डिसेंबरात ठाण्याला चुलत नणंदेच्या मुलीचे लग्न होते. मी आंक्र न्वार लावून गेले. अक्षतांनंतर पंगतीकडे जाताना माझ्या सासूबाईंच्या वयाच्या, दूरच्या नात्यातल्या एक आत्या माझ्या शेजारी आल्या, त्यांनी माझ्या खांद्याजवळ नाक आणले, पदराचे टोक चिमटीत धरून पाहिले आणि म्हणाल्या, "वाळा घालतेस का गं कपाटात? हल्ली कोण घालतंय." मी "हो" म्हटले. ते खोटे नव्हते, कारण आंक्र न्वारच्या नादात मी मंडईतून दोन जुड्या आणून साड्यांत ठेवल्याच होत्या. पण त्यांना आलेला वास त्या जुड्यांचा होता की लॉर्सनबाईंचा, हे मलाही सांगता आले नसते. त्या खूश झाल्या आणि जिलबी वाढून होईपर्यंत मला कसर, डांबराच्या गोळ्या आणि जुन्या शालूंविषयी सांगत राहिल्या.

शेवटी तेरची मोठी बाटली घेतली आणि आंक्र न्वारची डीकँटच पुन्हा भरून आणली, कारण वर्षाकाठी लग्ने आणि सत्कार असे किती होणार. या हिशेबात एकच घोळ झाला आहे. तेरची बाटली नवऱ्यालाही आवडली, आणि त्याला ते लाकूड थोड्या वेळाने येईनासे होत असल्यामुळे तो दुपारच्या बैठकीआधी पुन्हा मारतो, वर मला विचारतो की हा एवढा महागाचा वास टिकत का नाही. त्याच्या ऑफिसातल्या लिफ्टमधल्या लोकांविषयी मला वाईट वाटते. सध्या त्याला सकाळच्या दोन फवाऱ्यांची मर्यादा घातली आहे आणि पुढची बाटली त्याच्या खिशातून येणार, असे ठरले आहे.